तळहाताखाली

तेवीस वर्षं झाली,
घडीखान्यात टॉवेलवर तळहात फिरवते मी.
डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे, हात कापडावर.
एक फास सुटलेला असला, एक तार तुटलेली,
हाताला कळतं. कसं, ते विचारू नका.
तसला नग बाजूला. दुय्यम माल.

याच हाताला परवा गोंडी चावली.

गोंडी म्हणजे आमची मांजर.
दशांच्या पोत्यात सापडली होती, मुठीएवढी,
शेपटीच्या टोकाला पांढरा गोंडा.
घरात आम्ही तेलुगूत भांडतो,
तिच्याशी मात्र मराठीत बोलतो,
का, कुणास ठाऊक.
नऊ वर्षं, पाठीवरून हात फिरवला की
कंबर वर उचलायची
आणि पोटात तिचा बारीक माग चालू व्हायचा.

परवा तसाच फिरवला, मानेपासून खाली,
कमरेशी पोचतो न पोचतो
तोच चार दात, अंगठ्याच्या मुळाशी.
मग पलंगाखाली दोन डोळे.

सिव्हिलमध्ये सुई घेतली.
शेजारच्या राजव्वा म्हणाल्या, उलटली ती,
सोडून ये हिप्परग्याच्या तळ्याकडं.
नवरा म्हणाला, चव्वेचाळीस डिग्री आहे,
माझंही डोकं फिरलंय.
मी माझाच हात हुंगला.
ब्लीचचा वास? की काल कुटलेल्या
शेंगाचटणीची मिरची?
साबणानं तीनदा धुऊन पुन्हा पुढे केला.
तिचे कान मागे गेले.

जनावरांच्या दवाखान्यात रांगेत दोन शेळ्या, एक खिलार बैल.
बिराजदार डॉक्टरीणबाईंना घाई नव्हती.
बोटाच्या टोकानं मणके मोजत गेल्या,
शेपटीच्या अलीकडे थांबल्या.
कातडी थरथरली, पाण्यावर वारा जावा तशी.
"इथं दुखतंय. सांधा. बरेच दिवस झाले असतील."
बरेच दिवस?
"शेपूट आपटायची का? उड्या मारणं सोडलं होतं?"

तेव्हा आठवायला लागलं.
उगादीला दुधाचं पातेलं वरच्या फळीवर उघडं राहिलं,
ती खालूनच बघत बसली.
मी म्हटलं, शहाणी झाली.
गोंडा लादीवर टप, टप.
म्हटलं, लाडात आली.
मांडीवरून उतरून दाराशी जाऊन बसायची.
उकडत असेल.
महिनाभर ती एकेक तुटकी तार दाखवत होती
आणि मी, जिच्या हाताखालून काही सुटत नाही म्हणतात,
माल पास करत होते.

परतताना रिक्षात पिशवी मांडीवर,
आणि एकदम तो पहिला कारखाना आठवला.
तिथला मुकादम, घडी बघायच्या निमित्तानं
खांद्यावर ठेवायचा तो हात.
मी खांदा काढून घ्यायचे.
टेबल बदलून मागायचे.
डबा खायला जिन्यात बसायचे, एकटी.
एका दुपारी कात्री आपटली,
त्याच्या बोटांच्या अगदी शेजारी,
तर अख्खा घडीखाना म्हणाला,
अचानक काय झालं गं हिला?

अचानक.
मीही परवा हाच शब्द वापरला होता,
हाताला पट्टी बांधताना.

आता अर्धी गोळी, दह्याच्या सायीत.
फळीखाली स्टूल ठेवलंय, पायरीसारखं.
दिवेलागणीला लादीवर पाणी मारून बसते,
हात उताणा जमिनीवर,
काही न मागता.
खरं म्हणजे मागतेच, पण हलवत नाही.

काल आली.
चावलेल्या जागेचा वास घेतला, बराच वेळ.
गालाची कड बोटाला घासली,
एकदाच.
कमरेपर्यंतची वाट तिनं दाखवली नाही,
मी विचारली नाही.

आतून नवऱ्यानं तेलुगूत विचारलं,
झाली का गं पहिल्यासारखी?
"माहीत नाही," मी म्हटलं,
मराठीत,
तिलाही कळावं म्हणून.